दुरेघी वह्या आणि दिवे घाट

रविवारी सकाळी सहाला शनिवार पेठेत बारा मोटरसायकली एकदम सुरू केल्या तर काय होतं, हे आम्ही एकदाच करून पाहिलं. गल्लीतल्या तीन खिडक्या उघडल्या. एक आजोबा बंडीवरच खाली आले आणि म्हणाले, "कुठल्या पुण्यकर्माला निघालात?" आमच्यातल्या एकाने सरळपणे सांगितलं, "आजोबा, सासवडकडे मुलांची एक संस्था आहे. वह्या द्यायला चाललोय." आजोबा म्हणाले, "मग वह्या द्या की. आवाज कशाला?"

त्या दिवसापासून आम्ही गाड्या बंद ठेवून, ढकलत, ओंकारेश्वराच्या बाजूला नदीपात्राकडे नेतो आणि तिथे सुरू करतो. पण आजोबांचा प्रश्न त्याने निम्माच सुटला. वह्याच द्यायच्या तर एक टेम्पो पुरतो. बारा जणांनी बारा गाड्या काढायचं कारण काय? खरं उत्तर असं की आम्हाला गाडी चालवायला आवडते आणि रविवारी घाटात जायला घरी सांगण्यासारखं निमित्त लागतं. हे एकदा स्वतःशी कबूल केलं की पुढची आखणी सोपी होते. आपली हौस कुठे संपते आणि मुलांची गरज कुठे सुरू होते, ते वेगवेगळं दिसायला लागतं.

जगभर ही हौस आहे. ख्रिसमसच्या आधी खेळणी गाडीला बांधून निघणाऱ्या 'टॉय रन' अमेरिकेत नि ऑस्ट्रेलियात कितीतरी वर्षं चालू आहेत. सिडनीत २०१२ मध्ये सुरू झालेली 'डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड' तर सूट-टाय घालून जुन्या धाटणीच्या गाड्यांवर निघते आणि पुरुषांच्या आरोग्यासाठी पैसे उभे करते; आपल्याकडच्या शहरांतही ती होते. आमची राइड यातल्या कशासारखीच नाही. तिला नाव नाही, टी-शर्ट नाही, फ्लेक्स तर नाहीच. बारातल्या चार बुलेट, पाच पल्सर, दोन स्प्लेंडर आणि एक ॲक्टिव्हा. ॲक्टिव्हावर सगळे हसतात, आणि पाऊस आला की सगळ्यांचे मोबाइल तिच्याच डिकीत जातात.

बरेच जण विचारतात, आम्हालाही अशी एक काढायची आहे, कसं करता? म्हणून हे जरा सविस्तर.

सुरुवात गाडीपासून करायची नाही, फोनपासून करायची. तारखेच्या किमान तीन आठवडे आधी. पहिल्या वर्षी आम्ही हा फोन आदल्या दिवशी केला होता, "उद्या येतोय" एवढंच सांगायला. बरोबर बिस्किटांचे चाळीस पुडे आणि एक मोठा केक. तिथे पोचलो तर भांडारखोलीत बिस्किटांचं एक अख्खं कपाट आधीच भरलेलं. आणि केकचं म्हणाल तर त्या रविवारी आमच्या आधी एक वाढदिवस होऊन गेला होता आणि आमच्यानंतर दोन व्हायचे होते. मुलं अकराला केक, एकला केक, चारला केक खाणार, आणि मध्ये आमचा. अधीक्षक ताई सभ्य बाई. त्या वेळी काही बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी फोनवर मात्र म्हणाल्या, "दादा, बिस्किटं सोडून काहीही आणा."

"काहीही म्हणजे काय ते सांगा ना ताई."

"सांगू? खरंच आणणार असाल तर यादी पाठवते."

ती यादी आली आणि आमची राइड खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाली. त्या यादीत बाहुली नव्हती, चॉकलेट नव्हतं. शाळेचे काळे बूट होते, मापांसकट: तीन नंबरचे सात जोड, चार नंबरचे अकरा, पाचचे नऊ. मुलींची अंतर्वस्त्रं. सॅनिटरी नॅपकिन. उवांच्या फण्या, दोन डझन. खोबरेल तेल. आंघोळीच्या बादल्या, मग, खराटे. कुकरची शिट्टी आणि रबर, अमुक लिटरच्या कुकरचं. आणि वह्या. वह्यांपुढे कंसात लिहिलं होतं: दुरेघी जास्त.

हा कंस समजून घेण्यासारखा आहे. वह्या वाटायच्या म्हटल्या की लोक एकेरी ओळींच्या लांब वह्या घेतात, कारण दुकानात त्याच समोर असतात आणि गठ्ठ्याने स्वस्त पडतात. पण पहिली-दुसरीच्या मुलाला मराठी अक्षर वळवायला दुरेघी वही लागते, इंग्रजीला चाररेघी आणि गणिताला चौकटीची. दान म्हणून आलेल्या एकेरी वह्यांचा संस्थेत ढीग पडतो आणि दुरेघी वह्या विकत आणाव्या लागतात. शनिवार पेठेत राहणाऱ्याला याचं अप्रूप वाटू नये. अप्पा बळवंत चौक आमच्या दाराशी आहे. यादी हातात घेऊन गेलात तर तिथला दुकानदार डझनाच्या भावाने नेमकं बांधून देतो. बादल्या-खराटे बोहरी आळीत. धान्य आणि तेल घ्यायचं असेल तर मार्केट यार्डातला भुसार बाजार. बूट मात्र उगीच स्वस्तातले घेऊ नयेत. जूनमध्ये दिलेला बूट ऑगस्टमध्ये तळ सोडतो आणि मुलाला वर्षभर तसाच ओढत न्यावा लागतो.

संस्था कुठली निवडायची, हा फोनच्याही आधीचा प्रश्न. पुण्याच्या आसपास संस्थांना तोटा नाही. सिस्टर लुसी कुरियन यांनी १९९७ मध्ये वढू बुद्रुकला सुरू केलेलं 'माहेर' आहे. मांजरीला सिंधुताई सपकाळांचं सन्मती बाल निकेतन आहे आणि सासवडजवळच्या कुंभारवळणला त्यांचंच, १९९४ मध्ये सुरू झालेलं ममता बाल सदन. नाव मोठं असो की लहान, दोन गोष्टी विचाराव्यात, आणि विचारताना लाजू नये. एक, बाल न्याय कायद्याखाली नोंदणी आहे का? मुलांना ठेवून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला २०१५ च्या त्या कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे नोंदणी बंधनकारक आहे, आणि तिथे मूल येतं ते बालकल्याण समितीच्या आदेशाने, कुणाच्या तरी ओळखीने नव्हे. दोन, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का? नीट चालणाऱ्या संस्थेत दोन्ही प्रमाणपत्रं कार्यालयाच्या भिंतीवर लावलेली असतात आणि विचारलंत तर तिथल्या माणसांना आनंदच होतो. जिथे कपाळाला आठी पडते तिथे जाऊ नये. आम्ही ज्या संस्थेत जातो तिचं नाव इथे मुद्दाम देत नाही. का ते पुढे येईल.

आता पैसे. इथे बहुतेक गट घसरतात, बेइमानीने नव्हे, उत्साहाने. कुणीतरी आपला क्यूआर कोड ग्रुपवर टाकतो, तो फिरत फिरत भलत्याच ग्रुपांवर जातो आणि आठवड्यात अनोळखी माणसांचे पैसे याच्या खात्यात साचलेले असतात. हे करू नका. लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याचं कलम ४१ क लागू होतं. गणपती मंडळं वर्गणीसाठी दरवर्षी जी परवानगी काढतात ती हीच, त्यामुळे पेठेतल्या कुठल्याही मंडळाच्या खजिनदाराला तुम्ही 'एक्केचाळीस क' म्हणालात तर तो लगेच कागदपत्रांची यादी म्हणून दाखवेल. (दोन वेगळ्या कायद्यांत दोन्हीकडे ४१ हा आकडा यावा हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा.)

आमची सोपी रीत अशी: ज्याला पैसे द्यायचेत त्याने थेट संस्थेच्या खात्यात भरायचे आणि पावती स्वतःच्या नावाने घ्यायची. आयकरात ज्याला सगळे '८०जी' म्हणतात ती सवलत हवी असेल तर तीन गोष्टी माहीत असाव्यात. दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही. वस्तूंच्या रूपातलं दान मुळीच धरलं जात नाही. आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ही सवलतच नाही. आमच्यातल्या एका सीएने हे सांगितल्यावर दोघांचे चेहरे पडले होते, पण आले दोघेही.

पेट्रोल आणि नाश्ता स्वतःच्या खिशातून. यावर आम्ही कधी तडजोड केली नाही, आणि त्यामागे साधा हिशोब आहे. बारा गाड्या, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, म्हणजे ९६० किलोमीटर. सरासरी लिटरला पस्तीस धरलं तर सत्तावीस लिटर. लिटरला १०४ रुपये धरले तर अठ्ठावीसशे रुपये. एवढ्यात सहा-सात चांगली दप्तरं येतात. ही दप्तरं आपण घाटात जाळतोय हे माहीत असावं. मग ती निदान दुसऱ्याच्या देणगीतून जळू नयेत.

आता तारीख. संस्थेत दिवाळी, १४ नोव्हेंबर, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट या दिवशी पाहुण्यांची रांग असते. फराळाचे डबे इतके येतात की पोरं चकलीकडे पाहून तोंड फिरवतात. आणि फेब्रुवारीत, जुलैत चिटपाखरू नसतं. आम्ही जूनचा पहिला रविवार धरतो, कारण जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि वह्या-बूट त्याआधी पोचले तरच उपयोग. दुसरा किंवा तिसरा रविवार धरणार असाल तर पालखीचं वेळापत्रक आधी बघा. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून दिवे घाटानेच सासवडला जाते आणि त्या दिवशी घाट वाहनांना बंद असतो. एका वर्षी तिथी पुढे-मागे झालेली आमच्या लक्षातच आली नव्हती. ऐनवेळी बोपदेव घाटाने जावं लागलं.

शनिवारी संध्याकाळी बांधाबांध. सगळं सामान मोटरसायकलवर न्यायचा हट्ट आम्ही दुसऱ्याच वर्षी सोडला. पीठ, तेलाचे डबे, बादल्या हे सगळं छोट्या हत्तीत जातं. टाटांचा तो चारचाकी एस टेम्पो २००५ साली आला आणि आल्याआल्या लोकांनी त्याचं हे बारसं केलं. मोटरसायकलवर फक्त वह्या, बूट, कपडे. म्हणजे जे दोन्ही बाजूंना सारखं विभागता येतं. वजन मागच्या सीटवर उंच रचलं की पुढचं चाक हलकं होतं आणि घाटाच्या वळणात गाडी ऐकत नाही. म्हणून वजन खाली आणि पुढच्या बाजूला, शक्यतो दोन्ही अंगांच्या पिशव्यांत. वह्यांना आतून प्लास्टिक. जूनचा पाऊस विचारून येत नाही, आणि भिजलेली वही वाळली तरी पानं चिकटतात. बंजी दोरीचा आकडा कधीही चाकाच्या बाजूला लोंबता ठेवू नये. मागच्या चाकात नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त हवा; नेमका आकडा बहुतेक गाड्यांवर चेनकव्हरच्या आसपास चिकटवलेल्या स्टिकरवर असतो आणि तो कुणीच वाचत नाही. चेनला बोटभर ढील. पेट्रोल आदल्या रात्रीच भरायचं, नाहीतर सकाळी बारापैकी चौघं पंपाच्या रांगेत उभे राहतात आणि उरलेले आठ चहाच्या.

हेल्मेटवर पुण्यात लिहिणं म्हणजे स्वतःहून वाद ओढवून घेणं. इथे हेल्मेटसक्तीच्या विरोधात समिती निघाली, मोर्चे निघाले. आमच्यातही एक काका त्या मोर्चात होते. त्यांना एवढंच सांगितलं, "काका, शहरात तुमचं तत्त्व पाळा, पण मुलांसमोर हेल्मेट घालूनच उतरायचं." ते आले, घालून आले. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ त्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ आहे. चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही.

रस्ता असा: शनिवारवाड्यावरून शिवाजी रस्त्याने दगडूशेठ, मंडई, स्वारगेट, पुलगेट, हडपसर, गाडीतळ, भेकराईनगर, वडकी, दिवे घाट, सासवड. तीस-बत्तीस किलोमीटर, आणि पुढे गाव असेल तसं. पहाटे सव्वासहाला दगडूशेठसमोर हार-नारळवाले फुलं मांडत असतात. इथून दरवेळी जाताना मला एक गोष्ट आठवते. सिंधुताईंनी अनाथ मुलांना आपलं म्हणायला सुरुवात केली तेव्हा पोटची मुलगी आणि ही मुलं यांत आपल्या हातून फरक होईल या भीतीने त्यांनी मुलीला, ममताला, याच दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टच्या हवाली केलं. सासवडजवळच्या त्या संस्थेला नाव ममताचंच आहे. सिंधुताई ४ जानेवारी २०२२ ला पुण्यात गेल्या. म्हणजे आम्ही ज्या रस्त्याने वह्या घेऊन जातो, त्याच्या एका टोकाला मुलगी सोडलेली आणि दुसऱ्या टोकाला तिच्या नावाचं घर.

पुण्यातून बाहेरच्या संस्थेकडे जाण्याची परंपरा तशी आमच्या गाड्यांपेक्षा बरीच जुनी. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये काढलेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली हिंगण्याला गेला, आणि फर्ग्युसनमधले तास संपवून कर्वे पायी, चिखल तुडवत तिकडे जात. आम्हाला स्वयंचलित वाहनावर दमायला होतं.

गटाने चालवताना एक पुढे, एक शेवटी, हे ठरलेलं. पुढच्याला आम्ही लीडच म्हणतो, शेवटच्याला मारुती. कारण शेपूट सांभाळायचं काम त्याचं. शेवटच्याकडे पंक्चरचं सामान आणि प्रथमोपचाराची पेटी असते, आणि त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. नवशिका लीडच्या लगेच मागे, कारण गटाच्या शेवटी माणूस नकळत वेगाने गाडी हाणतो. रांग एकामागे एक सरळ नाही, तिरकी: पहिला आपल्या लेनच्या उजवीकडे, दुसरा थोडा मागे डावीकडे, तिसरा पुन्हा उजवीकडे. आपल्याच रेषेतल्या पुढच्या गाडीपासून दोन सेकंद अंतर. ती एखाद्या खांबाजवळून गेली की 'एकशे एक, एकशे दोन' म्हणायचं. त्याआधी आपण खांबाशी पोचलो तर फार जवळ आहोत. खड्डा दिसला तर पायाने दाखवायचा, हात हँडलवरच. घाटात मात्र तिरकी रांग मोडून एकेरी, आणि अंतर दुप्पट.

चुकण्याची जागा एकच, हडपसरचा गाडीतळ. तिथे सोलापूर रस्ता आणि सासवड रस्ता फुटतात आणि गटातला एक तरी लोणीच्या दिशेने निघून जातो. यावर उपाय कोपरा धरण्याचा. वळणावर लीडच्या मागचा गाडी बाजूला लावून थांबतो, मारुती दिसेपर्यंत हलत नाही. मोबाइलवर नकाशा बघत चालवण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

वडकी सोडलं की मस्तानी तलाव दिसायला लागतो आणि घाट चढतो. गेली काही वर्षं पालखी मार्गाच्या रुंदीकरणाचं काम आहे, त्यामुळे वळणावर खडी असू शकते. पहिल्या पावसाचा घाट सगळ्यात वाईट. रस्त्यावर महिनोन्महिने सांडलेलं तेल पाण्याबरोबर वर येतं आणि डांबर साबणासारखं होतं. पाऊस चांगला तासभर धुऊन गेला की पकड परत येते. उतरताना गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवणारे महाभाग आमच्यातही होते. उतारावर दुसरा-तिसरा गिअर, इंजिनानेच वेग धरायचा, ब्रेक फक्त गरजेला. माथ्यावर चहा आणि सासवडला पोहे, यात दुमत नाही.

फाटक. इथपर्यंत सगळं आपल्या हौशीचं होतं, इथून ते मुलांचं घर. फाटकाच्या शंभर पावलं आधी इंजिनं बंद. फटाके फोडणारे सायलेन्सर पुण्यात पोलिसांनी रोडरोलरखाली घातलेत ते घातलेत, पण मूळचा सायलेन्सर असला तरी बारा गाड्यांचा आवाज आवारात घुमतो. तिथली काही मुलं मारझोडीच्या घरांतून आलेली असतात. पहिल्या वर्षी आम्ही हॉर्न वाजवत आत गेलो तेव्हा चार-पाच लहान पोरं भिंतीआड पळाली. आम्हाला वाटलं, लाजली.

आत गेल्यावर नोंदवहीत सही, आणि मोबाइल खिशात. तो बाहेर काढायचाच नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ सांगतं की अशा मुलांचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापायचं-पसरवायचं नाही. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्हॉट्सॲपचं स्टेटस म्हणजेही पसरवणंच. कायद्याचं सोडा, त्यातली एखादी मुलगी कुणापासून तरी लपवून तिथे ठेवलेली असते आणि तुमच्या सेल्फीत मागे संस्थेची पाटी येते. संस्थेचं नाव न देण्याचं कारण हेच. बुटांच्या यादीतही मापं असतात, नावं नसतात, ते ताई मुद्दाम करतात. फोटो काढायचाच असेल तर दिवे घाटात काढा, तिथे दृश्यही बरं आहे.

सामान मुलांच्या हातात द्यायचं नाही, भांडारात द्यायचं. रांग लावून, एकेकाला पुढे बोलावून, हातात वही ठेवून टाळ्या, हा प्रकार बघायला पाहुण्यांना छान वाटतो. वाटप ताई सोमवारी करतात, वर्गाप्रमाणे. तसंच स्वागतगीत नको म्हणून आधीच सांगायचं. दर रविवारी नव्या पाहुण्यांसमोर तेच गाणं म्हणणाऱ्या मुलांच्या तोंडावर जो भाव असतो, तो एकदा नीट बघितलात तर तुम्हीही नको म्हणाल.

मग दोन तास करायचं काय? गाड्या. मुलांना दुसऱ्या कशात रस नसतो. पण बुलेटचा सायलेन्सर उजवीकडे, नेमका पोराच्या पोटरीच्या उंचीवर, आणि घाट चढून आलेला. म्हणून पोचल्यावर पाऊण तास गाड्यांना दोरीचं कुंपण. त्या वेळात जेवण. जेवण आम्ही बाहेरून नेत नाही. त्या दिवसाच्या स्वयंपाकाचे पैसे आधी भरतो आणि त्यांच्याच पंगतीत बसतो. नंतर गाड्या मधल्या स्टँडवर, चावी खिशात, आणि मग हवं त्याने बसावं. एकही फेरी नाही, आवारातसुद्धा नाही. कितीही गळ घातली तरी नाही. मुलाला बाहेर नेण्याचा अधिकार तुम्हाला नाही आणि डोक्याला बसेल असं हेल्मेटही तुमच्याकडे नाही.

सगळ्यात रंगतो तो पंक्चरचा खेळ. एक ट्यूबलेस टायर घेऊन जायचा, त्यात खिळा ठोकायचा, साबणाचं पाणी ओतून बुडबुडे शोधायचे. बुडबुडा सापडला की आरडाओरडा. मग सुळ्याने भोक मोठं करायचं, दांडीत चिकट पट्टी ओवून आत खुपसायची, झटक्यात ओढायची, उरलेली कापायची. दहा-बारा वर्षांची मुलगी हे दुसऱ्या प्रयत्नात नीट करते. गेल्या वर्षी एकीने आमच्या काकांना सांगितलं, "काका, तुम्ही पट्टी तिरकी घातली." खरंच तिरकी होती.

काय बोलायचं नाही, तेही ठरलेलं असावं. "तुझे आईबाबा कुठे असतात?" हा प्रश्न नाही. तिथल्या बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, त्यामुळे 'अनाथ' हा शब्दही नाही. आणि "मी पुन्हा येईन हं" हे तर अजिबात नाही, ज्याला खात्रीने येता येणार नाही त्याने. आपण पुण्याला पोचेपर्यंत विसरतो. ते पोर पुढचे आठ रविवार फाटकाकडे बघतं. काही खटकणारं दिसलं, एखादं मूल काही सांगू लागलं, तर तिथेच पंचनामा न करता १०९८ या क्रमांकावर कळवायचं.

दोनला निघायचं. परतीला आम्ही बोपदेव घाट घेतो: चांबळी, भिवरी, मग खाली कोंढवा. हा घाट दिव्यापेक्षा अरुंद आणि तीव्र, म्हणून उजेडातच उतरायचा. पेठेत साडेतीन-चारला, गाड्या पुन्हा ढकलत. आजोबा खिडकीत असतातच.

सोमवारी ताईंना एक फोन, सामान यादीप्रमाणे मोजून मिळालं का एवढं विचारायला, आणि काय जास्तीचं झालं तेही विचारायला. गेल्या वर्षी फण्या जास्त झाल्या आणि पाच नंबरचे बूट दोन जोड कमी पडले. ते दोन जोड आमच्यातल्या एकाने पुढच्या शनिवारी एकट्याने नेऊन दिले. ॲक्टिव्हावर.

तुम्ही फोन करणार असाल तर सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान करा. त्या वेळी मुलं शाळेत असतात आणि ताईंच्या हातात यादी लिहायला पेन असतं.